वनस्पतीउद्यान आणि शेतकऱ्याचे कुटुंब

शहरातील वनस्पतीउद्यानाशी शेतकऱ्याचा काय संबंध, असा प्रश्न वरील मथळा वाचून आमच्या कित्येक वाचकांच्या मनात उभा राहील, हे आम्ही जाणून आहोत. ज्याच्या दारात आंबा आहे, बांधावर बाभूळ आहे आणि परसात कढीलिंब आहे, त्याने गाडीभाडे खर्चून शहरात जावे आणि तेथे पाट्या लावलेली झाडे मुलाबाळांस दाखवावीत, ही सूचना वरवर पाहता चमत्कारिक वाटण्यासारखीच आहे. "झाडे पाहावयास आम्ही शहरात कशास जावे? शहरवाल्यांनीच आमच्याकडे यावे," असे उत्तर आम्हांस मिळालेही आहे. हेच उत्तर पन्नास वर्षांपूर्वी मिळाले असते, तर आम्ही मुकाट्याने मान्य केले असते. आज मात्र ते कितपत खरे राहिले आहे, याचा प्रत्येकाने आपल्या शिवारात उभे राहून विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

गेल्या दोन पिढ्यांत आपल्या शिवाराचे रूप पालटले आहे. जेथे पाणी आले तेथे उसाने सर्व रान व्यापले. जेथे आले नाही तेथे कापूस आणि सोयाबीन यांनी जोंधळा, बाजरी, तूर, मटकी, हुलगा, अंबाडी, तीळ आणि कारळे यांस मागे सारले. एकाच वावरात सहा-सात पिकांची मिसळ असे, ती मोडली. बांध कोरून कोरून वीतभर उरले आणि त्यांच्यावरची बोर, बाभूळ, करंज व हिवर ही झाडे सरपणात गेली. तणनाशकाचा फवारा सुरू झाल्यापासून तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू आणि केना, ज्यांची भाजी करून आपल्या आया पावसाळ्यातील निम्मे दिवस काढीत, ती सर्व केवळ 'तण' या एका नावाखाली आली. यातील काही फेरफार अपरिहार्य होते आणि त्यांनी पैसाही दिला. त्याबद्दल रडत बसण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला की शेतात वाढलेल्या मुलासही आज शेताबाहेरच्या वनस्पती ओळखता येत नाहीत. तो दहा औषधांची नावे घडाघडा सांगेल. पण ओढ्याकाठच्या दहा झाडांची नावे विचारली तर तिसऱ्या नावापाशी अडखळेल.

शिवाय आपली मुले आता गावात राहतातच कोठे? थोरला पुण्यास, धाकटा मुंबईस, मुलगी नाशकास नांदते. नातवंडे उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस येतात आणि त्यांतील पाच दिवस घरात पंख्याखाली काढतात. उद्या सातबाऱ्यावर नाव लागावयाचे ते यांचेच. विहिरीवरचे जुने चिंचेचे झाड ठेवावे की तोडावे, पडीक तुकडा कुरणासाठी राखावा की भूखंड पाडून विकावा, घरचे बी जपावे की उकिरड्यावर टाकावे, हे निर्णय हेच करणार. ज्याला ज्या वस्तूचे नाव ठाऊक नाही, त्याला तिच्या जाण्याचे दुःख होत नाही. अमेरिकेतील वँडरसी आणि शुस्लर या दोन अभ्यासकांनी १९९९ साली या अवस्थेस 'वनस्पतींविषयीचे आंधळेपण' असे नाव दिले. समोर झाड उभे असता ते दिसतच नाही, त्याच्या फांदीवरील पक्षी तेवढा दिसतो, असा त्याचा भावार्थ. हे आंधळेपण शहरी माणसापुरते आहे अशी आपली समजूत होती. ते आता वेस ओलांडून गावात शिरले आहे.

वनस्पतीउद्यान हे यावरील एक औषध आहे, असे आमचे मत आहे. ते एकमेव औषध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण प्रथम वनस्पतीउद्यान म्हणजे काय, हे स्पष्ट झाले पाहिजे. कारण फिरावयाची बाग आणि वनस्पतीउद्यान यांत पुष्कळ भेद आहे. फिरावयाच्या बागेत झाड शोभेसाठी असते. वनस्पतीउद्यानात प्रत्येक झाडाची नोंद असते: त्याचे नाव काय, ते कोठून आणले, केव्हा लावले, त्याचे कूळ कोणते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, असे उद्यान म्हणजे झाडांचा उताराच होय. इटलीतील पादुआ येथील उद्यान १५४५ साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस औषधी वनस्पती प्रत्यक्ष दाखविण्यासाठी स्थापन झाले आणि ते आजही त्याच जागी आहे. म्हणजे शिकविणे हे अशा उद्यानांचे मागाहून जोडलेले काम नसून मुळारंभीचेच काम आहे.

आणि शेतीशी त्यांचे नाते तर याहूनही निकटचे आहे. कलकत्त्याजवळ शिवपूर येथील उद्यान कर्नल रॉबर्ट किड याने १७८७ साली उभारले. बंगालमधील १७७० च्या भीषण दुष्काळाची आठवण तेव्हा जुनी झाली नव्हती. साबुदाण्याच्या माडासारखी, दुष्काळात माणसांस तारणारी झाडे तेथे वाढवून ती देशात पसरवावीत, हा त्याच्या योजनेतील एक प्रमुख हेतू होता. जावा बेटातील बोगोर येथील उद्यानात १८४८ साली तेलमाडाची चार रोपे लावली गेली. आग्नेय आशियातील तेलमाडाच्या अफाट लागवडीचा उगम त्या चार रोपांपर्यंत पोहोचतो. आपल्या घरात तळणीस जे पामतेल येते, त्याच्या किमतीवरून आपल्या भुईमुगाचा आणि सोयाबीनचा भाव वरखाली होतो. तेव्हा एका उद्यानातील चार रोपांचा परिणाम आपल्या खळ्यापर्यंत आला आहे, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. रबराचेही तसेच. ब्राझीलमधून १८७६ साली नेलेल्या सुमारे ७०,००० बियांपैकी लंडनजवळील क्यू येथील उद्यानात थोड्याच उगवल्या. पण त्यांची रोपे सिंहलद्वीप व सिंगापूर येथील उद्यानांत पोहोचली आणि पुढे एक नवीनच पीक आशियात उभे राहिले.

आपल्या प्रांताची गोष्ट पाहिली तरी हेच दिसते. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यानविद्या संस्था १८३० साली स्थापन झाली. तिच्या नावातच शेती आणि बाग हे दोन्ही शब्द एकत्र नांदतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांस खुली झाली, ती याच संस्थेच्या खटपटीने. पुढे १८७३ साली ती नगरपालिकेकडे गेली आणि आज ती वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखली जाते. पुण्याची एम्प्रेस बाग हीच संस्था चालविते, आणि तेथील जानेवारीतील पुष्पप्रदर्शनास आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण जात असतील. गणेशखिंडीचे उद्यान १८७३ सालचे. ते कृषी महाविद्यालयाच्या देखरेखीखाली असून तेथील जुनी आम्रवृक्षराजी फळबागायतदारांच्या परिचयाची आहे. २०२० साली राज्य सरकारने या उद्यानास जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले. तात्पर्य, अशा ठिकाणी शेतकरी पाहुणा म्हणून जात नाही. तो आपल्याच वाडवडिलांच्या वाड्यात जात आहे, ही जाणीव त्याने मनात बाळगावी.

वाडवडिलांच्या वाड्यात त्यांच्या चुकाही सापडतात आणि त्या झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. डोंगरउतारावर चाऱ्याचे एक काडीही उगवू न देणारी घाणेरी ऊर्फ टणटणी ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणली गेली. नदी-तलावांवर पसरून पाण्याचा श्वास कोंडणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची; तीही तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. गाजरगवत मात्र उद्यानाच्या वाटेने आले नाही. ते परदेशी धान्याबरोबर आले आणि १९५५-५६ च्या सुमारास पुण्यास प्रथम लोकांच्या नजरेस पडले. या गोष्टी उद्यानांनी आपल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांस मोकळेपणाने सांगाव्यात. घाणेरीपुढे उभे राहून 'हिचे फूल किती सुंदर' एवढेच म्हणणारा मार्गदर्शक अर्धेच शिकवितो. 'हे फूल सुंदर म्हणून आणले आणि त्याने कुरणे गिळली' असे जो सांगेल, तो नर्सरीतून नवीन रोप घरी आणण्यापूर्वी दोनदा विचार करणारी पिढी घडवील.

आता उद्यानांत सध्या काय शिकविले जाते ते पाहू. कोणत्याही एका बागेचे नाव घेऊन आम्ही हे लिहीत नाही; कित्येक ठिकाणी तळमळीने काम करणारी माणसे आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. पण सामान्य अनुभव समाधानकारक नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळातील काही कुटुंबे मिळून एका उद्यानास गेली होती. मुले झोपाळ्याकडे धावली, तरुण मंडळी छायाचित्रे काढू लागली आणि वडील माणसे बाकावर बसली. एका मोठ्या झाडाखाली एका मुलीने हे कशाचे झाड म्हणून विचारले. पाटीवर केवळ लॅटिन नाव होते, त्यातलीही अर्धी अक्षरे गंजली होती. रखवालदाराने 'हात लावू नका' एवढे सांगितले. शेवटी मागून सावकाश येणाऱ्या आजीबाईंनी खाली पडलेले फळ उचलले, हातावर चोळले, आणि म्हणाल्या, "अगं, हा रिठा. आम्ही याच्यानंच केस धुवायचो." मग त्यांनी जवळच्या नळावर तळहातावर फेस काढून दाखविला. झोपाळ्यावरची मुले एकेक करून तेथे गोळा झाली.

या लहानशा प्रसंगात आमच्या म्हणण्याचे सर्व सार आले आहे. झाड उद्यानाने जपले होते, परंतु त्याची ओळख आजीबाईंच्या जवळ होती. त्यांच्या घरच्या परसात आता रिठा नाही, म्हणून घरी ही गोष्ट निघालीच नसती. उद्यानात आजीबाई नसत्या, तर तेथेही ती निघाली नसती. यास्तव शाळेच्या सहलीत चाळीस मुलांस रांगेने फिरवून आणणे हे जरी चांगले असले, तरी तेवढ्याने भागत नाही. आजी, आई, बाप आणि मूल अशा चौघांनी एका झाडाखाली एकत्र उभे राहिले पाहिजे. म्हणजे एकाने सांगावे, दुसऱ्याने दुरुस्त करावे आणि तिसऱ्याने विचारावे. निसर्गाचे शिक्षण हे कुटुंबाने मिळून घ्यावयाचे शिक्षण आहे.

मग उद्यानात काय शिकवावे? आमची पहिली सूचना अशी की थोडे शिकवावे. दोनशे झाडांची नावे ऐकलेला मनुष्य घरी जाईपर्यंत एकशे नव्वद विसरतो. पाच झाडे घ्यावीत आणि प्रत्येकापाशी घटकाभर थांबावे. उदाहरणार्थ, उंबर. क्वचित भेटणाऱ्या माणसास आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. पण ते फूल पाहावयास दुर्मीळ नाही, केवळ आत दडलेले आहे, हे किती जणांस ठाऊक असते? कोवळे उंबर फोडून भिंगाखाली धरले की आत शेकडो बारीक फुले दिसतात. चिलटापेक्षाही लहान अशी एक माशी तोंडाच्या छिद्रातून आत शिरते, तिच्या अंगावरील पराग त्या फुलांस मिळतो आणि तिची पिल्ले तेथेच वाढतात. झाड माशीवाचून बी धरीत नाही आणि माशीस झाडावाचून घर नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल जन्मभर विसरणार नाही.

दुसरे भोपळ्याचे फूल. हे सकाळी लवकर पाहिले पाहिजे, कारण ऊन चढले की ते मिटते. नरफुलाचा दांडा सरळ असतो आणि मादीफुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. मधमाशीने परागाची ने-आण केली तर तो वाढतो, न केली तर पिवळा पडून गळतो. फळ गळाले की आपण खताची आणि औषधाची दुकाने धुंडाळतो. त्या वेळी मधमाशी कोठे गेली, हा प्रश्न आपल्यास सुचत नाही. कांद्याचे बी धरणाऱ्यांस हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्याकडे नेणारे कोणी असल्यावाचून बी नीट भरत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी फवारणी करणे म्हणजे आपल्याच बिनपगारी मजुरांस मारणे होय. ही गोष्ट उद्यानातील मार्गदर्शकाने मुलास सांगितली आणि त्या मुलाने रात्री जेवताना बापास विचारली, तर तिचा जो उपयोग होईल, तो पुस्तिका वाटून होणार नाही.

तिसरे भुईमूग आणि हरभरा. भुईमुगाचे फूल वर येते आणि शेंग मात्र जमिनीत. मधल्या आऱ्या जमिनीत शिरताना शहरच्या मुलास दाखवाव्यात. हरभऱ्याचे रोप मुळासकट हलक्या हाताने काढावे आणि मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला तर हवेतील नत्र धरून ठेवणारे जंतू काम करीत आहेत असे समजावे; पांढरी किंवा हिरवट दिसली तर काम चालू नाही. आमच्या जुन्या फेरपालटीत कडधान्यास जे स्थान होते, त्याचे कारण या मोहरीएवढ्या गाठीत आहे. चौथा आंबा. हापूसची कोय लावून हापूसच का येत नाही, हा प्रश्न प्रत्येक मुलाने कधी ना कधी विचारलेला असतो. त्या कोयीत संकरातून झालेला एकच अंकुर असतो, म्हणून रोप आईच्या वळणावर जाईलच असे नाही. आणि म्हणूनच भेटकलम, कोयकलम यांचा खटाटोप. येथे चाकू, फांदी आणि पट्टी देऊन बापलेकांनी मिळून एक कलम बांधावे आणि ते घरी न्यावे. ते जगले नाही तरी शिक्षण झालेच.

पाचवे उदाहरण आमच्या बागायतदार बंधूंसाठी आम्ही मुद्दाम राखून ठेवले आहे. ओढ्याकाठी, पाटाच्या कडेला काशाचे गवत वाढते. त्याचे पांढरे तुरे शरद ऋतूत डुलू लागले म्हणजे पाऊस सरला असे आपण म्हणतो; त्यापलीकडे त्यास किंमत देत नाही. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड व रसाळ उसाचा संकर याच रानटी गवताशी केला. त्यातून १९१८ साली को २०५ ही जात लागवडीसाठी बाहेर पडली आणि उत्तर हिंदुस्थानातील ऊसशेतीची दिशा पालटली. उसाने गोडी दिली, काशाने काटकपणा दिला. आज आपल्या रानात उभ्या असलेल्या बहुतेक सर्व जातींच्या रक्तात या गवताचा अंश आहे. को ८६०३२ ही त्यास अपवाद नाही. कारखान्याच्या धुराड्याकडे अभिमानाने पाहणाऱ्या किती बागायतदारांनी आपल्या मुलास ओढ्याकाठी नेऊन 'हे बघ, हा आपल्या उसाचा आजा' असे सांगितले असेल?

भाताची हकीकत अशीच आहे. १९७० च्या आगेमागे आग्नेय आशियात तपकिरी तुडतुड्यांनी पसरविलेल्या एका विषाणुरोगाने भाताची रोपे गवतासारखी खुजी होऊन पिके बुडू लागली. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक वाण तपासले. त्यांत उपयोगी पडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या रानभाताचा एक नमुना. कोणीतरी कधीतरी डबक्याच्या काठचे ते गवत निरुपयोगी न मानता वेचून ठेवले होते, म्हणून पुढील सुधारित जातींत तो गुण आणता आला. आपल्या सह्याद्रीतही रानमूग, रानउडीद आणि रानभेंडी आहेत. यांपैकी कोणाची केव्हा गरज लागेल हे आज कोणीही सांगू शकणार नाही. आपण मात्र बांध जाळताना, टेकडी फोडताना, ओढा सरळ करताना ते घालवीत आहोत, आणि घालवीत आहोत हे आपल्यास कळतही नाही. वनस्पतींच्या ओळखीचा प्रश्न हा करमणुकीचा नाही, तो उद्याच्या पिकाचा आहे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो ते याच कारणासाठी.

यावर काही आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. लग्नकार्यात आणि यात्रेत आपण काय खर्चतो ते आठवले म्हणजे वर्षातून एकदा कुटुंबासह उद्यानास जाण्याचा खर्च डोळ्यांत भरण्याजोगा नाही, हे सहज पटेल. आणि नाही तरी दवाखाना, कचेरी, कॉलेजातील प्रवेश यांसाठी आपल्या शहरात खेपा होतातच. दुसरा आक्षेप असा की मुलांस याची आवड नाही. ज्यांस केवळ 'हात लावू नये' असे सांगितले जाते त्यांस आवड कशी लागणार? रिठ्याचा फेस पाहून झोपाळा सोडणारी मुले आम्ही स्वतः पाहिली आहेत. तिसरा आक्षेप असा की हे काम सरकारचे आहे. सरकारचे आहेच, परंतु मागणी करणाऱ्याने आधी आपली पावले तिकडे वळविली पाहिजेत. ज्या बागेत कोणी प्रश्न विचारीत नाही, तेथे उत्तर देणारा मनुष्य कोण नेमील?

उद्यानांच्या चालकांकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पाट्या मराठीत असाव्यात आणि त्यांवर शास्त्रीय नावाबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांतील देशी नावेही असावीत. झाडाचे मूळ ठिकाण लिहावे. मिरची, पेरू, पपई, सीताफळ, भुईमूग आणि मका ही सर्व अमेरिका खंडांतून आलेली आहेत हे वाचून आमच्याही पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. एखादा लहान वाफा पिकांचा आणि त्यांच्या रानटी भाऊबंदांचा असावा: उसाशेजारी काशा, मुगाशेजारी रानमूग. निदान रविवारी सकाळी दोन तास माहीतगार मनुष्य भिंग आणि चाकू घेऊन हजर असावा. आणि शेवटची मागणी अशी की शिकविणाऱ्यांत शेतकऱ्यांस, विशेषतः शेतकरी स्त्रियांस, मानाने बोलवावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावठी वाणांचे बी घरात जपले आणि २०२० साली त्यांस पद्मश्री मिळाली. असे ज्ञान असलेल्या बाया गावोगाव आहेत. त्यांस वर्षातून चार दिवस उद्यानात आणले, तर कित्येक प्राध्यापकही पुढच्या रांगेत बसून ऐकतील.

आपण स्वतः काय करावे, तेही सांगून हा लेख आटोपता घेतो. पेरणी उरकल्यावर श्रावणात एकदा आणि सुगीनंतर एकदा, शक्य त्याने मुलानातवंडांस घेऊन जवळच्या उद्यानास जावे, आणि म्हाताऱ्या माणसांस घरी ठेवून जाऊ नये. परत आल्यावर तेथे पाहिलेली झाडे आपल्या शिवारात शोधावीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या व्यवस्थापन समितीने लोकांच्या मदतीने जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. आपल्या गावची नोंदवही कोठे आहे, तीत काय लिहिले आहे, याची चौकशी करावी. ती कपाटात असेल तर बाहेर काढवावी आणि चुकीची असेल तर शाळेतील मुले व गावातील जाणती माणसे यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावी. ज्याच्या बांधावर अजून जागा आहे त्याने एक रिठा, एक करंज, एक उंबर लावावा आणि त्याचे नाव नातवास सांगावे.

उद्यानात जाऊन शेतकऱ्याने शेती शिकावी, असे आम्ही म्हणत नाही. ती त्यास येते. त्याने तेथे जावे ते आपल्या शेतातून काय काय गेले हे पाहण्यासाठी, आणि त्यातील जे परत आणता येईल ते मुलाच्या हाती देऊन घरी आणण्यासाठी. आमच्या वाचकांपैकी जे या वर्षी अशी खेप करतील, त्यांनी मुलांनी विचारलेले प्रश्न आम्हांस जरूर लिहून कळवावेत. ज्यांची उत्तरे आम्हांस येतील ती या मासिकात देऊ; आणि जी येणार नाहीत, ती गावातील वडील माणसांकडून मिळविण्याची खटपट वाचकांनी आणि आम्ही मिळून करू.